रांगेत पाठ केलेला तक्ता

(दहावी 1995 च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर तांत्रिक काहीतरी बोल, पण आम्हाला झोप येईल असं नको." मला जेवणाआधीची वेळ दिली, याबद्दल त्यांचे आभार. जेवणात श्रीखंड-पुरी आहे असं कळलंय. त्यानंतर कोणीही काहीही बोललं असतं तरी तुम्ही झोपलाच असतात.

सकाळपासून मी एक गंमत बघते आहे. नाश्त्याच्या वेळी कार्यक्रमपत्रिका वाटल्या, तेव्हा निम्म्या लोकांनी ती हात लांब करून धरली. काहींनी तिचा मोबाईलवर फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा करून वाचला. एकाने तर शेजारणीचा चष्मा मागून घेतला. नाव घेत नाही, पण तो आपल्या कबड्डी संघाचा कप्तान होता. वाचायच्या चष्म्याला आपण मराठीत सरळ 'चाळिशी'च म्हणतो. वयालाही तेच नाव आणि चष्म्यालाही. डोळ्यातलं भिंग या वयात ताठर होत जातं आणि जवळचं बघताना त्याला पूर्वीसारखं वाकता येत नाही. सगळ्यांचंच होतं. तेव्हा ज्यांच्या खिशात चष्मा आहे आणि लाजेने बाहेर काढलेला नाही, त्यांनी आता काढायला हरकत नाही.

पण मला बोलायचंय ते चाळिशीच्या आधीच्या चष्म्याबद्दल. माझ्या नोकरीतली काही वर्षं मी मोबाईलवर दृष्टी तपासणारं सॉफ्टवेअर लिहिण्यात घालवली. ते काम करताना मला सारखी ही शाळा आठवत होती. का, ते सांगते.

आपल्या शाळेत वर्षातून एकदा डॉक्टर यायचे, आठवतं? याच सभागृहात, त्या खांबापाशी तक्ता टांगलेला असायचा. हजेरी नंबराप्रमाणे रांग. एक डोळा हाताने झाकायचा आणि अक्षरं वाचायची, वरून मोठी, खाली बारीक होत जाणारी. माझा नंबर शेवटाकडे होता. माझ्या पुढे तीसेक मुली त्याच ओळी मोठमोठ्याने वाचायच्या. पाठांतरात मी बरी होते, हे इथल्या सगळ्या बाईंना माहीत आहे. माझी पाळी येईपर्यंत सगळा तक्ता मला वरपासून खालपर्यंत पाठ झालेला असायचा. त्यात लबाडी करण्याचा हेतू नव्हता. मला ती तोंडी परीक्षाच वाटली होती! पाचवीला मी पास झाले, सहावीलाही पास झाले. डॉक्टर म्हणाले, "छान." मी खूश होऊन वर्गात परत आले आणि फळ्यावरचं माझ्या बाकावरच्या मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेऊ लागले. ती तिसऱ्या रांगेत बसलीय. दोन वर्षं तिने मला वही दाखवली आणि एकदाही कोणाला सांगितलं नाही.

फळा दिसत नाही असं मी कधी घरी सांगितलं नाही. लोक विचारतात, का नाही सांगितलंस? अहो, दिसत नाही हे कळायला दिसणं म्हणजे काय ते आधी माहीत हवं ना. मला वाटायचं फळा असाच असतो, पांढुरका, धुरकट, आणि हुशार मुलांना तो अंदाजाने वाचता येतो.

सातवी ब ला मराठीच्या बाई आमच्या वर्गशिक्षिका झाल्या. बाई आज आलेल्या आहेत, पहिल्या रांगेत आहेत. त्यांची पद्धत अशी की रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहायचा आणि एका मुलीने किंवा मुलाने उभं राहून तो वाचायचा. माझी पाळी आली त्या दिवशी मैत्रीण गैरहजर होती. मी उभी राहिले आणि आत्मविश्वासाने सुविचार म्हणून टाकला. तो आदल्या दिवशीचा होता. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, तास पूर्ण घेतला आणि मधल्या सुट्टीत मला वर्गाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभं केलं. स्वतः फळ्यापाशी उभ्या राहिल्या आणि बोटं दाखवली. "किती?" मी म्हटलं, "तीन." मग म्हणाल्या, "आता एक डोळा झाक." मी झाकला. "आता दुसरा." बास. तेवढीच तपासणी. तक्ता नाही, यंत्र नाही. बाईंच्या हाताची बोटं मला पाठ करता आली नाहीत.

पुढचं मात्र सोपं नव्हतं. बाईंनी वहीत चिठ्ठी दिली. बाबा म्हणाले, "बघू." आजीचं म्हणणं होतं की मुलीच्या जातीला एवढ्या लवकर चष्मा लागला तर पुढे स्थळं यायला त्रास होतो. महिना गेला. माझे बाबा आपल्या गावातल्या बँकेत कॅशियर होते, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरच्यांनी त्यांना काउंटरवर पाहिलं असेल. बाई पगाराच्या दिवशी पैसे काढायला गेल्या आणि स्लिप पुढे सरकवण्याआधी विचारलं, "चष्म्याचं काय झालं?" बाबा म्हणाले, या आठवड्यात नेतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बाईंनी विचारलं तेव्हा मागे रांगेत दहा-बारा माणसं होती. त्या रविवारी बाबा मला एस.टी.ने तालुक्याला घेऊन गेले. नंबर निघाला उणे सव्वादोन, दोन्ही डोळ्यांना.

चष्मा लावून सभागृहात पहिल्यांदा आले, तेव्हा मला कळलं की त्या फोटोतल्या संस्थापकांना मिशा आहेत. सातवीत कळलं! तुम्ही मला 'ढापणी' म्हणायला लागलात तेही त्याच आठवड्यात. त्याबद्दल आता राग नाही, पण विसरलेही नाही.

आता थोडं तांत्रिक. भूमितीच्या सरांना मी दहावीत विचारलं होतं की या टॅन थीटाचा मला आयुष्यात काय उपयोग. सर, उपयोग झाला. तो तक्ता मुळात भूमितीच आहे. हर्मन स्नेलेन नावाच्या डच नेत्रतज्ज्ञांनी तो 1862 मध्ये उट्रेख्त इथे प्रसिद्ध केला. त्यातली कल्पना अशी: एका अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट. निरोगी डोळ्याला साधारण एका मिनिटाच्या कोनाएवढी रेघ वेगळी ओळखता यायला हवी. अक्षराची उंची अशा पाच रेघांएवढी घेतली, म्हणजे पाच मिनिटं. सहा मीटरवरून पाच मिनिटांचा कोन करणारं अक्षर किती उंच? सहा मीटर गुणिले टॅन, उत्तर 8.7 मिलिमीटर. तेवढं अक्षर सहा मीटरवरून वाचता आलं की आपण म्हणतो 6/6. जे साठ मीटरवरून दिसायला हवं, ते सहा मीटरवर यावं तेव्हा दिसतं, तर 6/60. डॉक्टरांच्या कागदावरच्या त्या अपूर्णांकाचा अर्थ एवढाच. ते टक्के नाहीत. 6/12 म्हणजे 'निम्मी दृष्टी' असा अर्थ लावून घाबरलेले पालक मी पाहिले आहेत.

मोबाईलवर हा तक्ता आणताना पहिला प्रश्न अक्षरांचा येतो. ज्याला अक्षरओळख नाही त्याचं काय? आणि माझ्यासारख्या पाठांतरवालीचं काय? दोन्हींचं उत्तर एकच आहे. इंग्रजी 'ई' घ्यायचा, तीन दातांच्या कंगव्यासारखा, आणि तो फिरवायचा. दाते कधी वर, कधी खाली, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मुलाने फक्त हाताने दिशा दाखवायची. हा फिरता ई छापील तक्त्यांवरही पूर्वीपासून आहे, पण छापलेल्या ओळी बदलत नाहीत. फोनवर दर वेळी दिशा नव्याने ठरते, आपल्या आधी तीस मुली येऊन गेल्या तरी काही पाठ करता येत नाही. हा भाग लिहिताना मला जेवढा आनंद झाला तेवढा नोकरीत क्वचितच झाला असेल.

अंदाजाने बरोबर उत्तर देणाऱ्यालाही पकडावं लागतं. चार दिशा, म्हणजे डोळे मिटून सांगितलं तरी चारात एकदा बरोबर येणारच. म्हणून एकाच आकाराचे पाच ई दाखवायचे आणि किमान चार बरोबर आले तरच पास धरायचं. नुसत्या अंदाजावर पाचात चार किंवा पाच बरोबर येण्याची शक्यता 64 त 1 निघते. घरी गेल्यावर करून बघा, सरांना आनंद होईल.

कागदावर हे सगळं फार सुंदर दिसतं. मग आम्ही पुण्याजवळच्या एका छोट्या शाळेत गेलो. पहिल्याच तासात कळलं की मुलं पुढे झुकतात. दोन मीटर अंतर ठरवलेलं असताना मूल वीस सेंटिमीटर पुढे झुकलं, की अक्षर त्याला सुमारे अकरा टक्के मोठं दिसतं. आम्ही फोनच्या कॅमेऱ्याने अंतर मोजण्याचे बेत करत होतो. तिथल्या शिक्षिकेने दोन मीटरची सुतळी कापली, एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं आणि दुसरं टोक मुलाच्या शर्टाच्या बटणाला. सुतळी सैल झाली की मूल झुकलं, समजलं. ती सुतळी माझ्याकडे अजून आहे. डोळा झाकताना मुलं बोटांच्या फटीतून बघतात, हेही तिनेच सांगितलं. तळहात धरायला लावा, बोटं नकोत. व्हरांड्यात उभं केलं तर फोनच्या काचेत आकाश दिसतं आणि ई दिसत नाही. असं एकेक.

सगळ्यात गमतीची गोष्ट दुसऱ्या दिवशी झाली. संध्याकाळी आकडे बघताना दिसलं की दुपारच्या सुट्टीनंतर तपासलेल्या मुलांचे डोळे सकाळच्या मुलांपेक्षा कमजोर आहेत. जेवल्यावर नजर कमी होते की काय? आम्ही बऱ्याच गहन चर्चा केल्या. शेवटी लक्षात आलं, दुपारपर्यंत फोनची बॅटरी उतरायची, फोन आपोआप बॅटरी वाचवायला लागायचा आणि पडदा मंद व्हायचा. मुलांचे डोळे ठीक होते, नंबर आमच्या फोनला लागला होता. त्यानंतर प्रोग्रॅममध्ये पहिली अट घातली, उजेड ठरलेला नसेल तर तपासणी सुरूच होणार नाही. म्हणून सांगते, कोणतंही ॲप उघडून घरच्या घरी रंगांधळेपणा तपासू नका. डॉ. इशिहारांचे ठिपक्यांचे तक्ते, पहिल्यांदा 1917 मध्ये आलेले, ठरावीक शाईने छापलेले असतात. प्रत्येक फोन रंग आपल्या मर्जीने दाखवतो, आणि रात्री डोळ्यांना बरं वाटावं म्हणून पिवळा पडदा लावलेला असेल तर मग विचारूच नका.

या क्षेत्रात आपल्या मातीतला एक माणूसही आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. रमेश रासकर, मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीमधून इंजिनियर झालेले आणि पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये प्राध्यापक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये एक साधन मांडलं. फोनच्या पडद्यावर एक छोटं भिंग बसवायचं, त्यातून डोळा लावून बघायचं, लाल आणि हिरवी रेघ दिसते. त्या एकमेकींवर येईपर्यंत बटण दाबत राहायचं. किती वेळा दाबावं लागलं, त्यावरून चष्म्याचा नंबर काढता येतो. इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जुळवून त्याला नाव दिलं 'नेत्र'. आमच्या ॲपला फक्त दिसतं की नाही एवढंच कळतं, त्यांच्या साधनाला किती नंबर तेही कळतं. मात्र लहान मुलांच्या बाबतीत तेवढ्यावर चष्मा करू नये. मुलांचा डोळा जोर लावून स्वतःचा नंबर लपवू शकतो. म्हणून डॉक्टर थेंब घालून, बाहुली मोठी करून, मगच नंबर काढतात. त्या थेंबांनी दिवसभर अंधुक दिसतं म्हणून पालक टाळतात. टाळू नका.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभी आहे, ती. ती केनियातली आहे.

अँड्र्यू बस्टावरस नावाचे ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ संशोधनासाठी केनियात गेले. तपासणीची अवजड यंत्रं गाडीत घालून, वीज नसलेल्या गावांत न्यायची आणि तिथे मांडायची, या अनुभवातून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पीक' नावाची फोनवरची साधनं तयार केली. त्यातही फिरता ई आहे. मुलाने दिशा दाखवायची आणि तपासणाऱ्याने पडद्यावर त्या दिशेला बोट ओढायचं. पुढे तिथलेच नेत्रतज्ज्ञ डॉ. हिलरी रोनो यांनी ट्रान्स-न्झोइया या भागातल्या 50 प्राथमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग केला. त्याचा अहवाल 2018 मध्ये आला. वीस हजारांहून अधिक मुलं होती आणि तपासणी शिक्षकांनी केली. निम्म्या शाळांत नेहमीचा तक्ता, निम्म्या शाळांत फोन. दोन्हीकडे ज्या मुलांना कमी दिसत होतं त्यांना पुढच्या तपासणीसाठी रुग्णालयात जायला सांगितलं.

मी तो अहवाल उघडला तेव्हा तुमच्या मनात असेल तेच माझ्या मनात होतं. फोनने जास्त अचूक तपासलं असेल, बघू किती. पण गंमत तिथे नव्हती. तक्त्याच्या शाळांत 4 टक्के मुलं सापडली, फोनच्या शाळांत 5 टक्के. खरा फरक त्यानंतरचा. नेहमीच्या पद्धतीत मुलाच्या हातात चिठ्ठी दिली गेली. त्यातली 22 टक्के मुलं रुग्णालयात पोचली. दुसऱ्या बाजूला पालकांसाठी एक छापील चित्र दिलं होतं. त्यात तुमच्या मुलाला जग कसं दिसतं ते धूसर करून दाखवलेलं. शिवाय पालकांच्या फोनवर आठवणीचे संदेश जात राहिले. तिथली 54 टक्के मुलं पोचली.

चित्राचा वाटा किती आणि संदेशांचा किती, हे त्या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. पण मी तो तक्ता वाचत पुण्यातल्या ऑफिसात बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर आला बँकेचा काउंटर. "चष्म्याचं काय झालं?" पहिला महिना, दुसरा महिना, तिसरा महिना. चिठ्ठी मलाही मिळाली होतीच की, मी त्या उरलेल्या 78 टक्क्यांत होते. बाईंनी 1991 साली जे केलं ते करण्यासाठी आता सर्व्हर लागतो, एवढाच फरक. आमच्या कंपनीत त्यानंतर मी वाद घालून एक महिना अक्षरांचं काम थांबवलं आणि पालकांना जाणाऱ्या संदेशांचं काम हातात घेतलं. 'आपल्या पाल्याची दृष्टी सदोष आढळली आहे' हे वाक्य काढून तिथे 'तुमच्या मुलीला तिसऱ्या बाकावरून फळा वाचता येत नाही' असं लिहिलं. हे वाक्य लिहायला इंजिनियरिंगची पदवी लागत नाही, मान्य आहे.

मोठ्यांचंही तसंच. आसाममधल्या चहाच्या मळ्यात चाळिशी ओलांडलेल्या 751 कामगारांचा अभ्यास झाला होता, तोही 2018 चाच. ज्यांना जवळचा साधा चष्मा दिला, त्यांची पानांची तोडणी चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 22 टक्क्यांनी जास्त वाढली. चष्मा साधा होता. फक्त कोणीतरी तो नेऊन दिला.

इथे भाषण संपवलं असतं तर माझं कौतुक झालं असतं. पण एक गोष्ट राहते, आणि ती सांगायची परवानगी बाबांनी मला काल रात्री दिली आहे.

2016 च्या दिवाळीत मी घरी आले होते. आमच्या ॲपची नवी आवृत्ती फोनमध्ये होती आणि मला सगळ्यांना तपासायचा उत्साह होता. आईला तपासलं, काकांना तपासलं, बाबांना तपासलं. त्यांचा चष्मा लावून दोन्ही डोळे 6/6. पडद्यावर हिरवी अक्षरं आली, 'अभिनंदन! तुमची दृष्टी उत्तम आहे.' ते वाक्य माझ्याच टीमने लिहिलं होतं. बाबा दोन दिवस येईल त्या प्रत्येक पाहुण्याला सांगत होते, मुलीने डोळे तपासले, एकदम ओके. दरवर्षी ते तालुक्याला डोळे दाखवायला जायचे. त्या वर्षी गेले नाहीत. कशाला जातील? घरात तज्ज्ञ होती.

दीड वर्षाने त्यांची जिन्याची शेवटची पायरी चुकायला लागली. टीपॉयला पाय आपटायचा. आम्हाला वाटलं गुडघे, वय. मी त्यांना गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, डोळ्यांच्या नाही. एकदा जेवताना त्यांचा हात ताटाशेजारच्या वाटीला लागून ती सांडली. आई म्हणाली, "अहो, समोर तर होती." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना. मोतीबिंदू नव्हे, काचबिंदू. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याच्या मागची नस हळूहळू मरते, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे, आणि नसेचा गेलेला भाग परत येत नाही. दुखत नाही, लाल होत नाही. आधी कडेचं दिसणं जातं आणि मेंदू ती रिकामी जागा आपल्या मनाने भरत राहतो. मधलं दिसणं, म्हणजे तक्ता वाचणारं दिसणं, अगदी शेवटपर्यंत चांगलं राहू शकतं. बाबांना पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसवलं, कडेला बारीक ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी शेजारी उभी होते. ठिपका चमकत होता आणि बाबांचं बटण गप्प होतं. खालच्या बाजूचं बरंचसं गेलेलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "मधल्या काळात तपासले नाहीत का?" बाबा अभिमानाने म्हणाले, "मुलीने तपासले होते की, मोबाईलवर. अगदी उत्तम होते."

डॉक्टर माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ॲप चुकलं नव्हतं, हे मला माहीत आहे. त्याला विचारलं होतं, दोन मीटरवरून ई कळतो का. त्याने सांगितलं, कळतो. 'तुमची दृष्टी उत्तम आहे' हे त्याने शोधून काढलेलं नव्हतं, ते आम्ही लिहिलेलं होतं. पुण्याला परत गेल्यावर मी ते वाक्य काढायला सांगितलं. मार्केटिंगच्या लोकांना ते फार आवडायचं, कारण लोक त्या पडद्याचा फोटो काढून एकमेकांना पाठवायचे. चार महिने मीटिंगा झाल्या. आता तिथे असं येतं: 'या अंतरावरून तुम्हाला अक्षरं दिसली. डोळ्यांची तपासणी अजून व्हायची आहे. दाब आणि नस पाहण्यासाठी नेत्रतज्ज्ञांकडे जा.' हिरवा रंगही काढला.

बाबा आता रोज रात्री थेंब घालतात. उरलेलं टिकून आहे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला आईने पिवळी पट्टी लावली आहे. मी स्वतः दरवर्षी दाब तपासून घेते, कारण आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याचा धोका जास्त असतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असेल तर फक्त एवढं लक्षात ठेवा.

आता व्यवस्थेचं सांगते. जेवणानंतर सातवी ब च्या खोलीत मी तीन फोन आणि ती सुतळी घेऊन बसणार आहे. तिसऱ्या रांगेतली माझी वहीवाली मैत्रीण मदतीला आहे. ज्यांनी मुलं आणली आहेत, त्यांनी मुलांना आधी पाठवा, विशेषतः सात-आठ वर्षांखालच्या मुलांना. एकच डोळा अधू असेल तर मुलाला स्वतःला पत्ता लागत नाही, दुसरा डोळा सगळं काम करत असतो, आणि त्या आळशी डोळ्यावर उपचार जितक्या लहान वयात होतील तितका फायदा. म्हणून एकेक डोळा तळहाताने झाकून बघायचा, बोटांनी नाही. मोठ्यांनी आपापले चष्मे लावून यावं. कबड्डीच्या कप्तानाने स्वतःचा आणावा. तपासणीनंतर मी कोणालाही 'उत्तम' म्हणणार नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

उद्या सोमवारी सकाळी मी बाबांना तालुक्याला नेत्रतज्ज्ञांकडे नेते आहे. गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. एका जागेवर मी बाईंचं नाव लिहिलं आहे. बाई, सकाळी मी तुम्हाला विचारलं, दाब कधी तपासला होता, तर तुम्ही म्हणालात, "बघू." साडेआठला तुमच्या दाराशी येते.